दहा मिनिटे पुढे

रेडिओ केंद्राच्या स्टुडिओतले भिंतीवरचे घड्याळ सोमवारी दुपारी बंद पडले, तेव्हा निवेदकांच्या निवृत्तीला बारा दिवस राहिले होते. इंजिनियरने घड्याळ खाली उतरवले, मागचे झाकण उघडले, आत एक फुंकर मारली आणि चाक झिजले आहे, राजधानीहून मागवावे लागेल, आठ दिवस धरून चाला, असे सांगून तो मोकळा झाला. निवेदकांच्या तोंडचे पाणी पळाले.

तीस वर्षे रोज सकाळी ते एक वाक्य बोलत आले होते, 'सकाळचे सात वाजले आहेत.' ते ऐकताच गावातले शेकडो हात आपापल्या घड्याळाच्या किल्लीकडे जात. शाळेची घंटा, गिरणीचा भोंगा, बस डेपोतले दोन तोंडांचे घड्याळ, सगळे ह्या एका वाक्यावर चालायचे. केंद्र पिकांची माहिती देई, हरवलेल्या माणसांची वर्णने सांगे, नदी फुगली की इशाराही देई. पण गावाचा खरा जीव होता तो सातच्या वेळेवर. आणि ती वेळ तीस वर्षांत एकदाही चुकलेली नव्हती. निवेदकांना निरोप समारंभात शाल नको होती, भाषणे नको होती. 'ह्या माणसाची वेळ कधी चुकली नाही', एवढे एक वाक्य कोणीतरी चारचौघांत म्हणावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

केंद्राचे साहेब म्हणाले, त्यात काय, टेलिफोन एक्स्चेंजला विचारू. त्यांनी तिथेच फोन फिरवला. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितले, "आमचं घड्याळ थोडं मागेपुढे असतं साहेब. उद्या सकाळी रेडिओवर सात वाजले की ऐकून तुम्हाला नक्की कळवते."

शेवटी निवेदक म्हणाले, मी घरचे घड्याळ आणतो. त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर एक गजराचे घड्याळ होते आणि घरात तेवढे एकच होते. मनगटावर ते काही बांधत नसत. गावाला वेळ सांगणाऱ्याने ती हातावर मिरवू नये, असे त्यांचे मत होते. फळीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचे काम बायकोचे, आणि ती सध्या लेकीकडे गेली होती. ती घरी असती तर ही कथा इथेच संपली असती.

ह्या घड्याळावर निवेदकांचा विश्वास बसण्याला कारण होते. घरापासून केंद्रापर्यंतची वाट इतरांना वीस मिनिटांची पडे. निवेदक घरच्या घड्याळात साडेपाच पाहून निघत आणि केंद्राच्या घड्याळात पाच चाळीसला हजर असत. म्हणजे दहा मिनिटांत. आपण झपाझप चालतो ह्याचा त्यांना भारी अभिमान होता आणि तरुण सहकाऱ्यांना ते त्यावरून सुनवतही असत. परतताना मात्र त्यांना अर्धा तास लागे. जाताना कर्तव्य ओढून नेते आणि येताना थकवा पाय धरतो, असे त्यांनी त्याचे स्पष्टीकरण ठरवून टाकले होते.

मंगळवारी सकाळी त्यांनी घड्याळ मायक्रोफोनसमोर ठेवले आणि काटा जागेवर येताच सात वाजल्याचे सांगितले. काचेपलीकडे बसलेल्या इंजिनियरने आपले मनगट पाहिले. तिथे सातला दहा कमी होते. 'हे घड्याळ फारच मागे पडायला लागलं', असे पुटपुटून त्याने ते पुढे केले. गावात त्या क्षणी सगळ्यांनी तेच केले.

आठ वाजता राजधानीहून बातम्या घ्यायच्या होत्या. निवेदकांनी तशी घोषणा केली, खटका वर सरकवला, आणि बातम्यांच्या ऐवजी कोणीतरी गृहस्थ मधमाशांच्या राणीबद्दल जिव्हाळ्याने बोलताना ऐकू आले. निवेदकांनी खटका खाली ओढला. तीस वर्षांच्या सवयीने त्यांची जीभ आपोआप चालली आणि ते म्हणाले, "राजधानी केंद्रावरून बातम्या काही कारणाने उशिरा प्रसारित होत आहेत. तोपर्यंत ऐका बासरीवादन." दहा मिनिटे बासरी वाजली, मग बातम्या लागल्या. बातम्या देणारा म्हणाला की आठ वाजले आहेत. गावाने ते ऐकले आणि गाव हसले.

बुधवारीही तसेच झाले. आता मात्र गावाला राग आला. निवृत्त गणिताचे गुरुजी, ज्यांनी अर्ध्या गावाला पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्याला अंगठे धरायला लावले होते, ते कागद घेऊन घरोघर फिरले. आमच्या भागाला दहा मिनिटे शिळ्या बातम्या मिळतात, राजधानीने आपले घड्याळ आमच्या केंद्राशी जुळवून घ्यावे, असा अर्ज तयार झाला आणि त्यावर सातशे सह्या पडल्या. केंद्राच्या साहेबांना एवढी लोकप्रियता आयुष्यात प्रथमच मिळत होती. त्यांनी अर्जाला स्वतःचे एक कडक पत्र जोडले आणि संध्याकाळच्या टपालाने रवाना केले.

त्याच संध्याकाळी निवेदकांची बायको लेकीकडून परतली. पिशवी खाली ठेवता ठेवता तिचे लक्ष फळीकडे गेले.

"घड्याळ कुठाय?"

निवेदकांनी अभिमानाने सगळे सांगितले. ती हळूहळू स्टुलावर बसली.

"ते बघून रेडिओवर वेळ सांगितलीत?"

"मग काय अंदाजानं सांगू?"

"अहो, ते दहा मिनिटं पुढे असतं."

"कधीपासून?"

"लग्न झाल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. तुम्ही दोनदा उशिरा पोचलात आणि तेव्हाच्या साहेबांनी घरी चिठ्ठी पाठवली होती. मी तुम्हाला दाखवली नाही. काटा तेवढा पुढे केला."

सुट्टीच्या दिवशी ही बाई 'आज तरी कानांना विश्रांती द्या' म्हणून रेडिओ का बंद करायची, ते निवेदकांना आता कळत होते. मग त्यांनी पडेल आवाजात विचारले, "आणि माझं चालणं?"

"चारचौघांसारखंच आहे हो," ती शक्य तितक्या मायेने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निवेदक साहेबांच्या घरी गेले आणि सगळे कबूल केले. साहेबांना घाम फुटला. सातशे सह्या गेल्या होत्या, त्यांच्यासोबत साहेबांच्या सहीचे पत्र होते, आणि आता वेळ बदलली तर मूर्ख कोण ठरणार हे उघड होते. राजधानी एवीतेवी कोणाला तरी चौकशीला पाठवणारच. तो माणूस येऊन जाईपर्यंत आहे तीच वेळ चालू ठेवा, असे त्यांनी हात जोडून विनवले. निवेदकांनी आयुष्यात साहेबांचा शब्द मोडला नव्हता. इथेच ते चुकले.

त्यानंतर रोज सकाळी सातला दहा कमी असताना त्यांना सात वाजवावे लागत. वाक्य म्हणताना आवाज कापरा होई. श्रोत्यांना वाटे, निवृत्ती जवळ आली म्हणून गळा दाटतो आहे, आणि घरोघरच्या बायका डोळ्यांना पदर लावत. बासरी आवडल्याची पत्रे आली. राजधानीहून नवे चाक आले, इंजिनियरने भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त केले आणि निवेदकांच्या घड्याळाशी मोठ्या काळजीने जुळवून पुन्हा टांगले.

निवृत्तीला दोन दिवस राहिले असताना राजधानीहून चौकशी अधिकारी आले. ते रेल्वेने शेजारच्या जंक्शनला उतरले होते आणि तिथून आमच्या गावची बस त्यांना मिळायला हवी होती. पण डेपोच्या घड्याळाप्रमाणे वागणारी ती बस दहा मिनिटे आधीच निघून गेली होती. दुसरी बस दुपारची. अधिकारी सिमेंटच्या ट्रकमधून आले आणि केंद्राच्या दारात उतरले तेव्हा भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरे होते.

साहेबांनी चहा मागवला आणि अर्जाची फाइल पुढे सरकवली. अधिकाऱ्यांनी तिला हात लावायच्या आतच निवेदकांनी फळीवरच्या घड्याळाची सगळी हकिकत सांगून टाकली. साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. अधिकाऱ्यांनी भुवया झटकल्या. त्यांच्यामागे अशा बावीस चौकश्या होत्या, आणि आपणहून चूक कबूल करणारा माणूस त्यांना नोकरीत प्रथमच भेटत होता. ते म्हणाले, उद्यापासून बरोबर वेळ सांगा आणि विषय मिटवा. परवा निवृत्त होताय, जाता जाता नाव कशाला खराब करून घेता?

घरी येऊन निवेदकांनी बायकोला विचारले. ती म्हणाली, "गुपचूप मिटवलंत तर तुम्हालाच घास गोड लागणार नाही. सांगून टाका." निवेदकांनाही तेच ऐकायचे होते. ज्या एका वाक्यासाठी तीस वर्षे घालवली, ते आता कोणी म्हणणार नाही ह्याचे त्यांना फार वाईट वाटत होते, पण खोटे ऐकून घेण्यापेक्षा ते बरे.

शुक्रवारी सकाळी, खऱ्या सात वाजता, ते मायक्रोफोनसमोर बसले. "श्रोतेहो, गेले दहा दिवस मी तुम्हाला चुकीची वेळ सांगत होतो. राजधानी बरोबर होती. चूक माझी होती. आणि तीस वर्षं मी वेळेवर कामाला आलो, तेही श्रेय माझं नाही. माझ्या घरचं घड्याळ पुढे ठेवणारीचं आहे. आपली घड्याळं दहा मिनिटं मागे घ्यावीत ही विनंती. आता सकाळचे सात वाजले आहेत."

काचेपलीकडे इंजिनियरच्या डोळ्यांत पाणी आले. निवेदकांचे मन हलके झाले. फळीवरचे घड्याळ घेऊन घरी गेल्यावर त्यांनी बायकोला बजावले की ह्या घरात आता एका मिनिटाचेही खोटे चालणार नाही, घड्याळ बरोबर लाव. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि काटा मागे घेतला.

निरोप समारंभ शनिवारी संध्याकाळी पाचला, शाळेच्या सभागृहात होता. बायको शेजारणींबरोबर पुढे गेली होती. निवेदकांनी फळीवर चार चाळीस पाहिले आणि निघाले. वीस मिनिटांची वाट वीस मिनिटांत चालत, पाचच्या ठोक्याला ते सभागृहाच्या दाराशी पोचले.

आत खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या रांगेत बायको बसली होती. व्यासपीठावर गुरुजी माइक धरून उभे होते आणि त्यांचे भाषण बरेच पुढे गेलेले दिसत होते.

"... आणि मंडळी, ह्या माणसाची वेळ तीस वर्षांत कधी चुकली नाही," गुरुजी म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या निवेदकांवर पडली.

सगळे सभागृह मागे वळले. गुरुजींनी भिंतीवरचे घड्याळ पाहिले. तिथे पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. कोणीही आपले घड्याळ मागे घेतलेले नव्हते, हे निवेदकांच्या तेव्हा लक्षात आले.

"बघा," गुरुजी म्हणाले, "बघा काय केलं राजधानीनं आपल्या माणसाचं. गुरुवारी तो पांढरा फटक माणूस केंद्रात शिरताना आम्ही डोळ्यांनी पाहिला. शुक्रवारी ह्यांच्याकडून ते वदवून घेतलं. आणि आज बिचारे दबावाखाली उशिरासुद्धा आले."

टाळ्यांनी छप्पर दणाणले. निवेदक सांगू लागले की दबाव वगैरे काही नव्हता, चूक खरोखरच माझी होती, तर टाळ्या आणखी वाढल्या. साहेब तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. बायकोने मान खाली घातली होती आणि तिचे खांदे हलत होते; शेजारणींना वाटले रडते आहे. गुरुजींनी जाहीर केले की कोणी काहीही सांगो, हे गाव आपल्या निवेदकांच्याच वेळेवर चालेल. मग गावातर्फे त्यांना एक मोठे, भिंतीवर टांगायचे, सुंदर घड्याळ भेट देण्यात आले. ते अर्थात गावाच्या वेळेवर लावलेले होते.

दोघे घरी परतले तेव्हा घड्याळ निवेदकांच्या काखेत टिकटिकत होते. वाटेत बायको म्हणाली, "हवं होतं ते वाक्य तरी मिळालं ना?"

"मिळालं," ते म्हणाले. "मी दारात उशिरा उभा असताना."

ती मोकळेपणी हसली, आणि तीस वर्षांत प्रथमच निवेदक तिच्या बरोबरीने सावकाश चालले.

घरी त्यांनी नवे घड्याळ खुंटीला टांगले. खाली फळीवर जुने बरोबर वेळ दाखवत होते, वरचे दहा मिनिटे पुढे होते. निवेदक दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिले. ते म्हणाले, उद्या सकाळी सहाला गुरुजींनी फिरायला बोलावले आहे, नाक्यावर थांबणार आहेत, आता कोणते घड्याळ पाहून निघू?

"वरचं," ती म्हणाली. "गाव त्यावर चालतंय."

"म्हणजे वेळेवर पोचेन ना?"

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग तिने स्टूल ओढले, त्यावर चढली, नव्या घड्याळाची काच उघडली आणि ह्या वेळी त्यांच्यादेखत मोठा काटा आणखी दहा मिनिटे पुढे सरकवला.