चावीवरचा लाल ठिपका

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड वासून पडलेल्या माणसाला बोलता येत नाही, पण दिसतं सगळं. निवृत्त पोस्टमास्तरांना त्या दिवशी नाकासमोर डॉक्टरचं, म्हणजे त्यांच्या मेहुण्याचं, घड्याळ दिसलं. त्याच्या चावीवर लाल ठिपका होता.

मास्तरांनी मासिकात वाचलं होतं की या चावीच्या घड्याळांची जी पहिली आवृत्ती निघाली, तिच्या चावीवर लाल ठिपका असे. पुढच्या आवृत्तीत कंपनीने तो गाळला. हौशी लोक जीव टाकतात तो पहिलीवर. मास्तरांच्या हातातलं घड्याळ अगदी तसंच, पण बिनठिपक्याचं. सासऱ्यांनी ते लग्नात स्वतःच्या मनगटावरून काढून दिलं होतं, आणि याचा मास्तरांना इतकी वर्षं अभिमान होता.

म्हणजे सासऱ्यांनी अस्सल घड्याळ मुलाला दिलं आणि जावयाला नंतरचं! दाढेपेक्षा तेच जास्त ठणकलं.

आठवडाभर धुमसून त्यांनी डॉक्टरला गाठलं. आपलं आता वय झालं, एकमेकांची आठवण म्हणून घड्याळं बदलू या, असं साळसूदपणे सुचवलं. डॉक्टरने लगेच हातातलं घड्याळ काढून दिलं. त्याचे डोळे मात्र भरून आले. हातचं जातंय म्हणून रडतोय, असं मास्तरांना वाटलं आणि ते लगबगीने जिना उतरले.

घरी बायको भाजी निवडत होती. त्यांनी हात पुढे केला आणि ठिपक्याची सगळी कथा रंगवून सांगितली. तिने चष्मा लावला, चावी निरखली.

"अहो, हे माझं नेलपॉलिश आहे."

"काय?"

"आमच्या धाकट्याला, तुमच्या या डॉक्टरला, शाळेत पहिला आल्याबद्दल घड्याळ मिळालं, तर रडत बसला. बाबांच्यासारखा ठिपका नाही म्हणून. मग मीच लावून दिला. अजूनही उडाला की माझ्याकडूनच लावून घेतो."

"मग बाबांच्या घड्याळावर का नाही?"

"होता की. रोज सकाळी चावी देऊन देऊन त्यांच्या बोटांनी झिजला." ती जराशी थांबली. "तुम्ही सकाळी चावी द्यायला लागलात की मी हातातलं काम सोडून बघत असे. कुठे आहे ते?"

मास्तर आल्या पावली परत फिरले. दवाखान्यात डॉक्टर पेशंटला ताटकळत ठेवून घड्याळाला हळूहळू चावी देत होता.

"भावोजी, बाबांचं घड्याळ मला मिळावं असं लहानपणापासून वाटायचं. तुमच्याकडे मागायचा कधी धीर झाला नाही," तो म्हणाला. "तुम्ही कसं ओळखलंत?"

मास्तरांनी तोंड उघडलं. या खुर्चीशेजारी ते तसंच उघडं राहायची सवय होती. दाढ अजून दुखते, एवढंच ते शेवटी म्हणाले. डॉक्टरने ती प्रेमाने तपासली आणि काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुजलेल्या गालाने खिडकीत उभे राहून घड्याळाला चावी देत राहिले. बायको आज बघायला आली नव्हती. बऱ्याच वेळाने तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "एवढं काय चाललंय?"

"ठिपका झिजवतोय."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"बाबांना तीस वर्षं लागली होती," ती म्हणाली.