सख्ख्या भावाला कसं पटलं?

साळवेकाकांनी मला दारातच अडवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सख्खा भाऊ आहे?"

मी खोलीतली एक खाट भाड्याने मिळेल का, हे बघायला गेलो होतो. कतारमध्ये, दोह्यात अल मन्सूराच्या जुन्या इमारतींमध्ये नव्या माणसाला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. सिगरेट ओढता का, मासे तळता का, ड्यूटी किती वाजता. भावाची चौकशी कुणी करत नाही. मला वाटलं, मागून भाऊपण बॅग घेऊन येईल अशी भीती असेल. म्हटलं, "आहे, मोठा. पण तो कराडला असतो, इकडे नाही यायचा."

"येऊ दे हो, माझं काही म्हणणं नाही. मला एवढंच सांगा, तो देव आहे असं तुम्हाला कधी वाटलंय?"

डोळ्यांसमोर दादा उभा राहिला. बनियनवर बसून कानात आगपेटीची काडी फिरवणारा आणि बोलता बोलता माझ्या ताटातलं भजं उचलणारा. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "एकदाही नाही."

"बघा!" साळवेकाकांचा चेहरा उजळला. "मग याकोबाला कसं पटलं?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली.

याकोब हा आमच्या इमारतीतला भाडेकरू नाही, हे कळायला मला दोन दिवस लागले. याकोब म्हणजे येशू ख्रिस्ताचा भाऊ.

साळवेकाका, म्हणजे शांतवन साळवे, मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबांपासून ख्रिस्ती. वय सत्तावन्न, बारीक अंगकाठी, खिशाला कायम मोजपट्टी. एका बांधकाम कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. काँक्रीट नापास करणं हा त्यांचा पेशा होता आणि स्वभावही. भिंत ओळंब्यात आहे असं फोरमन शपथेवर सांगायचा, तर हे म्हणायचे, "शपथ राहू दे. नोंद कुठाय?" चहात साखर घातलीय असं मी सांगितलं तरी हेच. सगळ्या जगाची नोंद मागणाऱ्या या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीची एक नोंद सापडत नव्हती, आणि तिने त्यांना पार पोखरलं होतं.

"तुम्ही असं बघा, जाधव," पोळी लाटता लाटता ते सुरू करायचे. "त्याच्या कोळी शिष्यांना पटलं, ठीक आहे. ते जाळी सोडून त्याच्यामागे गेले, तीन वर्षं बरोबर हिंडले. तो पत्रं लिहिणारा पौल, त्याला पटलं, तेही ठीक. त्यानं येशूला जेवताना, शिंकताना कधी बघितलंच नव्हतं. परक्यांचं सोपं असतं. पण याकोब? एका ताटात जेवलेला. आणि माणसं कोण, तर ज्यू! एकच देव, दुसरा नाही, असं सकाळ-संध्याकाळ म्हणणारी. त्यातून हा क्रुसावर मेलेला. त्या काळात त्याहून लाजिरवाणं मरण नव्हतं. आणि त्याच माणसाला वीस-पंचवीस वर्षांच्या आत ही मंडळी प्रभू म्हणतायत, त्याच्या नावाने गाणी म्हणतायत, देवाच्या शेजारी बसवतायत!"

"पण ते सगळं पुढे धर्मगुरूंच्या सभेत ठरलं ना? तीनशे वर्षांनी?" मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं.

"सभेत फक्त शिक्का मारला हो. स्लॅब आधीच टाकून झाला होता. विद्वानांचे दोन गट आहेत. एक म्हणतो, हळूहळू, पायरी पायरीने वर चढवला. दुसरा म्हणतो, अगदी पहिल्या वर्षापासून प्रभू म्हणून हाका मारत होते. मला दुसरा पटतो. का सांगू? पौलाचं एक पत्र आहे, सगळं ग्रीकमध्ये, आणि शेवटी एकदम एक शब्द अरामी भाषेतला. मारानाथा. आमच्या प्रभो, ये. हा ग्रीकमध्ये का नाही केला? कारण तो घरातला शब्द होता. बाहेर ग्रीक, घरात आपली बोली. आपण साइटवर हिंदी झोडतो आणि ठेच लागली की आई गं म्हणतो, तसं. म्हणजे पहिली हाक मारली ती घरच्या भाषेतल्या माणसांनी. याकोबाच्या माणसांनी!"

तोवर पोळीचा पापड झालेला असायचा.

हा प्रश्न त्यांनी कुणाला म्हणून सोडला नाही. वसईचे एक कॅथलिक गृहस्थ म्हणाले, तो सख्खा भाऊ नव्हताच, नात्यातला होता. साळवेकाका म्हणाले, "चुलत म्हणा, मावस म्हणा. घरातला होता ना? मग चुलत भावाला तरी कसं पटलं?" त्या गृहस्थांनी पुढे यांना बघून जिना बदलला.

खाली रत्नागिरीकडच्या मुकादमभाईंचं किराणा दुकान. तेही सुटले नाहीत. मुकादमभाई डाळ मोजता मोजता म्हणाले, "साळवे, आमच्यात ईसा नबी. मोठे नबी. पण खुदा एकच. खलास."

"बरं, नबी. पण सख्ख्या भावाला नबी तरी कसा पटला?"

मुकादमभाईंचा हात थांबला. बराच विचार करून ते म्हणाले, "हां, ते मात्र खरं हाय. माझा भाव मला दुकानदार पण मानत नाय."

शुक्रवारी सकाळी काका चर्चला जात. शहराबाहेर सगळी चर्चेस एका आवारात आहेत, तिथल्या एका छोट्या हॉलमध्ये मराठी मंडळींची प्रार्थना होते. पाळक, म्हणजे पास्टर, तरुण होते. शास्त्राभ्यासाला बसलं की पाचव्या मिनिटाला साळवेकाकांचा हात वर जायचा. "साळवेकाका, विश्वास ठेवा," पाळक म्हणायचे. "ठेवतो ना. याकोबाने कसा ठेवला तेवढं सांगा." शेवटी मंडळींनी त्यांना खुर्च्या मांडायचं काम दिलं आणि अभ्यासाच्या वेळी दाराशी बसवलं. काका मोजपट्टी लावून खुर्च्या मांडू लागले. अशा सरळ ओळी त्या हॉलने पूर्वी कधी पाहिल्या नसतील. मला हसू यायचं. त्यांना दाराशी का बसवलंय हे त्यांना कळत होतं का, हे मी विचारलं नाही.

दुपारनंतर मात्र ते नाहीसे व्हायचे. कुठे जाता विचारलं की म्हणायचे, "काम असतं."

यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर काळा चष्मा, दर चार तासांनी थेंब, एकट्याने बाहेर पडायला डॉक्टरांची मनाई. शुक्रवारी दुपारी ते माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले. "जाधव, बरवा अल बराहाला याल माझ्याबरोबर? आज गेलंच पाहिजे. आज राजन्ना कायमचा गावी चाललाय."

बरवा अल बराहा म्हणजे इंडस्ट्रियल एरियाजवळची कामगारांची वसाहत. एकसारख्या इमारतींच्या रांगाच रांगा. टॅक्सीत बसल्यावर विचारलं, "राजन्ना कोण?"

"माझ्या भावाला ओळखणारा या देशातला शेवटचा माणूस."

त्यांना भाऊ होता, हे मला तेव्हा कळलं.

उल्हास. आठ वर्षांनी धाकटा. दोह्यात कामगारांची बस चालवायचा. घरात त्याला सगळे अर्धवट म्हणायचे. सुट्टी मिळाली की ती दुसऱ्याला देऊन टाकायचा. ड्यूटी संपली की इस्पितळात जाऊन बसायचा, जो कुणी एकटा पडलेला असेल त्याच्यापाशी. तो कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, काही नाही. त्याचे केस विंचरायचे, त्याला भरवायचं, फोन धरून घरच्यांशी बोलणं करून द्यायचं. पाच वर्षं घरी आला नाही. आईने अंथरूण धरलं तेव्हा साळवेकाका स्वतः व्हिजिट व्हिसावर त्याला न्यायला आले.

"मी याच वसाहतीच्या गेटवर उभा होतो. आत निरोप पाठवला, भाऊ आलाय म्हणावं. अर्ध्या तासाने एक माणूस आला. म्हणाला, उल्हासभाई राजन्नाजवळ बसलेत. राजन्ना पडला होता तेव्हा, पाठ मोडली होती. उल्हासने सांगून पाठवलं, आत्ता हेच माझे भाऊ, यांना सोडून कसा येऊ? दादाला म्हणावं, थोडं थांब." काकांनी चष्मा काढला, परत घातला. "जाधव, हे असंच लिहिलंय हो. शुभवर्तमानात, मार्कानेच लिहिलंय. येशूच्या घरच्यांना वाटलं, याचं डोकं फिरलंय, आणि ते त्याला धरून न्यायला आले. बाहेर उभे राहिले. आणि आतून असाच निरोप आला. मी लहानपणापासून शंभर वेळा वाचलंय. त्या दिवशी आठवलं नाही."

"मग?"

"मग काय. थांबलो नाही. त्या माणसाला म्हटलं, सांग त्याला, मला भाऊ नाही. आणि गेलो विमानतळावर. चार महिन्यांनी तो गेला. बस जागेवर लावली, हँडब्रेक ओढला आणि तिथेच मान टाकली. आईला आम्ही सांगितलंच नाही. तीही त्याच महिन्यात गेली."

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. काका खिडकीकडे तोंड करून बोलत राहिले.

"पुण्यातली नोकरी सोडून इथे आलो. म्हटलं, त्याला ओळखणारे होते त्यांना विचारू, कसा होता हा. नऊ वर्षांपूर्वी तीस-चाळीस जण होते. मग कुणाचं काम संपलं, कुणी दुसऱ्या देशात गेलं. आता राजन्ना. तुम्ही विचाराल, याकोबाच्या मागे का लागलात. अहो, येशू मरेपर्यंत याकोबही मानत नव्हता. आणि पुढे तोच यरुशलेमच्या मंडळीचा मुख्य झाला. मध्ये काय घडलं? पौलाने एवढंच लिहिलंय की मेल्यानंतर येशू याकोबाला दिसला. बस. काय बोलला? रागावला? जवळ घेतलं? नोंद नाही. सगळ्यांची संभाषणं लिहून ठेवली, या दोन भावांचं कुणी लिहिलं नाही." मग म्हणाले, "मला तर स्वप्नातसुद्धा दिसला नाही."

राजन्ना तेलंगणातला सुतार, पन्नाशीचा, किंचित वाकून चालणारा. सहा खाटांच्या खोलीत त्याचे दोन खोके बांधून तयार होते. फळीवर त्याचे देव होते, आणि देवांच्या ओळीत एक फोटो. पासपोर्टचा मोठा करून घेतलेला. तेच कपाळ, तेच मोठे कान. पुढे प्लॅस्टिकची फुलं आणि विझलेली उदबत्ती.

"पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी याच्यावर ओरडलो होतो," काका मला मराठीत म्हणाले. "आमच्यात हे चालत नाही. मी म्हटलं, अरे, तो माणूस होता!"

राजन्नाला तेवढं कळलं. तो हसून म्हणाला, "साब, आदमी नहीं था वो."

"आदमी ही था!" काका चिडले. "खर्राटे लेता था! पाचवी में फेल हुआ था!"

"हां साब," राजन्ना म्हणाला, आणि त्याने फोटोला हात लावून कपाळाला लावला. नऊ वर्षं हा वाद असाच संपत असणार.

मग काका खाली बसले आणि त्यांनी राजन्नाचे खोके सोडून पुन्हा बांधले. दोरी सैल होती म्हणे. दोन्हींच्या चारही बाजूंना ठळक नाव लिहिलं, वर गावाचं नाव. डोळ्याला ताण नको म्हणून मी पेन मागितलं, तर दिलं नाही. शेवटची गाठ मारताना, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "राजन्ना, वो मेरे बारे में कुछ बोलता था? कभी? एक बार भी?"

मला वाटलं, राजन्ना काहीतरी गोड सांगेल. कुणीही सांगितलं असतं. पण ज्याची त्याने देवांशेजारी पूजा केली, त्याच्याबद्दल त्याला खोटं बोलता येईना.

"नहीं साब," तो हळूच म्हणाला. "उस दिन आप गेट से गया, वो बहुत देर बाहर देखता रहा. बाद में घर का नाम नहीं लिया. हम पूछा तो बोला, कोई नहीं है."

काकांनी गाठ पूर्ण केली. उरलेली दोरी कापली आणि गुंडाळून राजन्नाच्या हातात दिली. "रख लो. काम आएगी."

खाली बस आली. राजन्नाने फळीवरचे देव पिशवीत घेतले, फोटोही घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, फोटो पुन्हा बाहेर काढून काकांपुढे धरला. काकांनी मान हलवली. "तू ले जा. तेरा है." राजन्ना वाकून त्यांच्या पाया पडला. काकांना काय करावं ते कळेना. त्यांचा हात राजन्नाच्या पाठीवर, बरोबर मोडलेल्या जागी, थोडा वेळ राहिला.

बस गेली. मी टॅक्सी बोलवू लागलो, तर काका म्हणाले, "एक मिनिट," आणि परत जिना चढले.

खोली रिकामी होती. फळीवर चार चौकोनी स्वच्छ ठसे आणि भोवती धूळ. राजन्नाची खालची खाट आधी उल्हासची होती, हे काकांना माहीत होतं. ते तिच्यावर बसले, मग बूट काढून आडवे झाले. मी एक बादली पालथी घालून बसलो. आता ते याकोबाबद्दल काही बोलतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. ते छताकडे बघत तसेच पडून राहिले. काळ्या चष्म्याखालून काय चाललंय ते दिसत नव्हतं.

मग त्यांनी हात वर केला, तळवा उघडून हवेत धरला.

"हा एसी थेट डोक्यावर येतो हो," ते म्हणाले. "त्याला लहानपणापासून गार वारा सोसायचा नाही. रात्रभर कान दुखायचा. मी त्याला भिंतीकडेला घेऊन झोपायचो."

ते उठले. वरच्या खाटेच्या शिडीवर मोज्यांनीच चढले. मी "काका, डोळा!" म्हणेपर्यंत त्यांनी हात लांबवून एसीच्या पट्ट्या एकेक करून वर वळवल्या, आणि खाली उतरून उशीच्या जागी पुन्हा तळवा धरून बघितला.

"आता नाही लागत," ते म्हणाले.