धाकटे जावई आणि पिवळी छत्री

थोरल्या जावयाचं कौतुक ऐकून ऐकून धाकट्याचे कान किटले होते. थोरल्यांनी डोंगर दाखवले, थोरल्यांनी विमानात बसवलं! शेवटी एका रविवारी धाकट्याने कंबर कसली. समुद्रकिनारा, किल्ला, पलीकडचं दीपगृह, सगळं एका दिवसात! बायकोने गाईडचा विषय काढताच त्याने उडवून लावलं. "गाईड कशाला? इतिहास मला तोंडपाठ आहे." सासूबाईंच्या तोंडून एकदा शाबासकी निघाली की त्याच्या जन्माचं सार्थक होणार होतं. बायको मात्र डोकं दुखतंय म्हणून घरीच राहिली.

गर्दीत चुकामूक नको म्हणून त्याने भडक पिवळी छत्री आणली होती. ती उंच धरून तो पुढे चालणार, बाकीच्यांनी मागून यायचं. चष्म्यात फोटो वाईट येतात म्हणून सासूबाईंनी चष्मा गाडीतच ठेवला. त्या छत्रीच्या मागे आणि सासरे त्यांच्या मागे. सासरे लग्न झाल्यापासून असेच चालत आले होते.

किल्ल्याच्या दरवाजात ही झुंबड! त्यातून बाहेर पडल्यावर धाकट्याची रसवंती जी सुटली ती थांबेना. गुरांच्या हौदाला त्याने राणीचं स्नानगृह करून टाकलं. पडक्या भिंतीपाशी दोन लढाया लढवल्या. मागून "वा, वा" ऐकू येत होतं. सासूबाई एकदाही मध्ये बोलल्या नाहीत, तेव्हाच खरं तर त्याला संशय यायला हवा होता. पण तो हवेत होता.

दीपगृहापाशी तो ऐटीत वळला. मागे धापा टाकत डझनभर अनोळखी पेन्शनर उभे होते, सगळ्यांच्या गळ्यात एकाच सहलीचे बिल्ले.

"गाईडसाहेब, जेवण कुठे आहे?" एका आजींनी विचारलं.

धाकट्याने वर आपल्या छत्रीकडे पाहिलं. म्हणजे त्यांच्या गाईडचीही छत्री पिवळीच! सासूबाईंचा फोन तर, ओझं नको म्हणून, याच्याच पिशवीत. तो गाडीच्या दिशेने धावत सुटला. गाईड धावतोय म्हटल्यावर पेन्शनरही गुडघे सांभाळत धावले. वाटेत वाऱ्याने छत्री उलटी केली आणि वाळूत एक चप्पल गेली.

गाडीजवळ सहलीची एसी बस उभी होती. तिच्यातून सासूबाई उतरल्या, हातात शिंपल्यांची माळ, चेहरा नुसता फुललेला. पेन्शनर जेवणाच्या आशेने बसमध्ये घुसले. सासूबाईंनी पिशवीतला फोन घेऊन आधी थोरल्या लेकीला लावला.

"अगं, धाकट्यांनी आज कमाल केली! बोटीतून फिरवलं, पंगतीला बसवून जेवू घातलं. आणि गर्दीत ऐकू यावं म्हणून कमरेला स्पीकर लावून बोलत होते बिचारे. थोरल्यांना म्हणावं, शिका जरा."

धाकटा एका पायावर उभा राहून ऐकत होता. इतक्या वर्षांची शाबासकी अशी पदरात पडलेली, ती परत कशी करणार? त्याने मान लववून ती घेतली.

सासऱ्यांनी त्याला हळूच बाजूला घेतलं. "पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. तुम्ही घरी आराम करा. मी त्या गाईडला विचारून ठेवलंय, तो मोकळा आहे."