वस्तादांच्या काळजाचा सत्कार

पावणं, जाड दंडाचे पैलवान कोल्हापुरात ढिगानं हायत. पर काळीज जाड झालेला पैलवान कवा बघितलाय? बघा मग, तुमच्या म्होरं बसलाय! आकाराम वस्ताद, वय बासष्ट!

त्याचं असं झालं. बीपीची गोळी मी महिन्याखाली सोडलीती. जयसिंगपूरचा माझा दोस्त गुरुसिद्ध, त्याचा पोरगा चीनला नोकरीला हाय. त्यानं तिकडनं बीपीवरची वाळकी, लालसर मुळं धाडली. पाकिटावरचं एक अक्षर कळंना, पर काळजाचं चित्र झ्याक हुतं! गुरुसिद्ध म्हणाला, "रोज दोन तुकडं उकळून पी." मी चार उकळलं. पैलवानाला दोन तुकड्यांत काय हुतंय!

बायको, विठाबाई, रोज डोकं खायची. "अवं, गोळी सोडू नगासा! डॉक्टरीणबाईंना इचारा तरी!"

शेवटी तिनंच मला दवाखान्यात न्हेलं न् भाईर बसली. डॉक्टर ऐश्वर्यांनी माझ्या छातीवर गार मलम चोपडलं, पडद्यावर बघितलं न् म्हणाल्या, "काका, हृदयाची भिंत जाड झालीय. चौदा मिलिमीटर!"

"न् बाकीच्यांची किती असती?"

"दहा, फार तर अकरा. हे बघा, प्रेशरमुळं..."

म्होरलं कोण ऐकतंय! बटणं लावत मी भाईर!

"काय म्हणाल्या?" विठाबाईनं इचारलं.

"एक नंबर म्हणाल्या!"

तालमीत सांगितलं न् नुसता कल्ला! "चौदा? वस्ताद, खुराक काय?"

"चीनची मुळी!"

सांजच्यापतूर गुरुसिद्धाचा फोन तापला. पोरं थंडाईत घालायला मुळी मागत हुती! तालमीचे अध्यक्ष उदयसिंह तर गहिवरलेच. "साठी उलटल्यावर काळजाला मांस चढवणं म्हंजे चेष्टा न्हाय! सत्कार झालाच पायजे! आन् पावण्या कोण? ज्यांनी मोजलं त्याच डॉक्टरीणबाई!"

डॉक्टरीणबाईंना धाडलेल्या पत्रिकेत 'ज्येष्ठ वस्तादांचा सत्कार' एवढंच छापलं. सत्कार कशाचा, ते लिवायचं कुणाला सुचलंच न्हाई.

रविवारी सकाळी हलगी कडाडली. फेटा, हार, सगळं साग्रसंगीत! उदयसिंहांनी माईकवर आकडा सांगितला न् डॉक्टर ऐश्वर्या ताडकन उठल्या. "काका, गोळ्या चालू आहेत ना?"

"कवाच सोडल्या! आता चीनची मुळी, दोनाच्या जागी चार तुकडं!"

टाळ्या!

त्यांनी पिशवीतनं यंत्र काढलं, फेट्यासकट मला खुर्चीत दाबलं न् दंडाला पट्टा बांधला. उदयसिंहांनी यंत्रावर वाकून आकडा वाचला. "एकशे अठ्ठ्याण्णव!"

शिट्ट्या! मागनं कोणतरी वराडलं, "वस्ताद, दोनच राहिलं! दोनशे होऊ द्या!"

मी बी छाती फुगवली की!

तवा विठाबाई स्टेजवर चढली न् तिनं माईक हिसकला. "मुडद्यांनो, टाळ्या कसल्या पिटताय? डॉक्टरीणबाईंचं त्वांड बघा! बाईंना बोलू द्या!"

डॉक्टर ऐश्वर्या म्हणाल्या, "ही ताकद नव्हे, आजार आहे! वाढलेल्या प्रेशरशी हे हृदय वर्षानुवर्षं झुंजतंय, एका मिनिटाची विश्रांती नाही. म्हणून भिंत जाड झाली. ते दमलंय, काका. त्या मुळांवर अभ्यास चाललाय, गुण असेलही. पण गोळ्या बंद करून, मनानं दुप्पट घ्यायची? जीव जाईल! आत्ताच्या आत्ता भरती व्हा!"

मी विठाबाईकडं बघितलं. चाळीस वर्सांच्या संसारात ही बाई कवा रडली न्हवती. आता पदर तोंडात धरून रडत हुती. पावणं, आखाड्यात भल्याभल्यांना भ्यालो न्हाई, तिथं भ्यालो.

"जातो," म्हणालो. "गोळ्या बी घेतो. तू रडू नगंस."

"बघताय काय?" उदयसिंह गरजले. "उचला वस्तादांना!"

पोरांनी मला खांद्यावर घेतलं न् हलगी परत कडाडली! फेटा, हार, गुलाल, म्होरं डॉक्टरीणबाईंची गाडी, मागं अख्खी तालीम! रस्त्यावरची माणसं इचारायची, "कुणाला चितपट केलं?"

"अजून करायचंय!" पोरं वराडायची.

वाजतगाजत भरती व्हायला निघालेला कोल्हापुरातला पैला पेशंट मीच! दवाखान्याच्या दारात नर्सबाई कानांवर हात ठेवून आल्या. "बंद करा ते! पेशंट कोण?"

मी खांद्यावरनंच हात ताठ वर केला. पोरांनी जल्लोष केला.

नर्सबाई म्हणाल्या, "हात खाली घ्या. बीपी बघायचंय."