हकिकत अण्णांच्या डाव्या कानावरील फेरस्वारीची

देह हे राज्य आणि कान त्याचा सरहद्दीवरील किल्ला. तो राखिला तर शब्द, गमाविला तर शून्य. ऐशा एका किल्ल्याची हकिकत जैसी घडली तैसी लिहिली असे, सज्जनांनी सावध चित्ते परिसावी.

राजमान्य राजश्री अण्णा, पियानो जुळविण्याच्या हुन्नरात मातब्बर; त्यांचे डाव्या कानी पडद्यामागे त्वचेच्या गोळ्याने ठाणे दिले आणि हाड पोखरिले, मग गतवर्षी डॉक्टरीणबाईंनी शस्त्र चालवून त्यास उपटिले. परंतु गनिमाचे बीज मागे राहिले किंवा कैसे, हा अंदेशा उरला. बाईंनी हुकूम फर्माविला, की एमआरआय करावा. गनीम असल्यास पांढरा ठिपका होऊन दिसेल, नसल्यास किल्ला पुन्हा फोडणे नाही. मात्र चित्र साफ न उतरल्यास फोडूनच पाहावे लागेल. अण्णांस धास्ती एकच, की पुन्हा फोडिला तर उरलेसुरले ऐकणे जाईल आणि पोटाचा हुन्नरही.

मग तंत्रज्ञांनी चष्मा, घड्याळ, कमरपट्टा ऐशी शस्त्रे उतरवून घेतली, कानी बोळे घातले, न हलण्याची सख्त ताकीद दिली आणि अण्णा भुयारी दाखल जाहले. यंत्राने तोफखाना सुरू केला. परंतु तोफांचा सूर किंचित उतरलेला, आणि बेसूर कानी पडता नकाराची मान हलविणे हा अण्णांचा जन्माचा रिवाज. मान हलली, चित्रे फिसकटली, पहिल्या स्वारीस शिकस्त आली. तंत्रज्ञांनी पुन्हा ताकीद दिली; अण्णांनी उलट अर्ज गुदरला, की आधी यंत्र जुळवून घ्यावे.

तेव्हा अण्णांचे कुटुंब, काकू, दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, ते यंत्र आहे, तुमचं गिऱ्हाईक नव्हे. वाजेल तसं वाजू द्या."

"अगं, पण फारच उतरलंय."

"माझं गाणं इतकी वर्षं ऐकताय, तेव्हा हलली कधी मान?"

अण्णांनी कानचे बोळे पुन्हा घट्ट केले. मग पुनश्च भुयारी शिरोन, हे गायन कुटुंबाचेच, ऐसा निश्चय मनी धरिला आणि तोफा थंडावेतो मान तसूभर ढळू दिली नाही.

चित्रे निर्मळ उतरली. डॉक्टरीणबाईंनी ती न्याहाळिली आणि अण्णांशी बोलतानाचा नेहमीचा चढा आवाज न लाविता हलकेच म्हणाल्या, "ठिपका नाही. उघडायचं नाही."

अण्णांनी डावा कान पुढे करोन ते ऐकिले, आणि पुरते ऐकू आले असताही पुन्हा एकदा वदविले. येणेंप्रमाणे किल्ला न फोडिता राखिला, गनीम नेस्तनाबूद, फत्ते जाहली. दफ्तरी रुजू असे.