कुशाबाचं पांढरं खाचर

भाताच्या पीक स्पर्धेत पहिला नंबर आपलाच, हे उरवड्याच्या कुशाबाने रोपं लावायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. बक्षीस होतं पाठीवरचा फवारणी पंप. तो टांगायला त्याने ओट्यावर खुंटी ठोकली, चांद्याच्या व्याह्यांना बक्षीस बघायला या म्हणून निरोपही धाडला. गेली तीन वर्षं शेजारचा गेणबा नंबर काढत होता. यंदाही हरलो तर व्याह्यांना तोंड कसं दाखवायचं, एवढीच काय ती काळजी. आणि नेमके भाद्रपदात आंबेमोहराच्या पानांवर करप्याचे ठिपके दिसले.

ग्रामसेवक वाल्मीक तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन आलेला, त्यामुळे त्याला सगळंच ठाऊक होतं. पान म्हणजे पिकाची चूल, त्याने समजावलं. उन्हावर तिथं पिकाचा स्वयंपाक होतो. करप्याची बुरशी पानात शिरते, चुलीची जागा जाळते आणि वर शिजलेलंही खाते. पीक ताप आल्यासारखं धापा टाकतं, असलेली साखर त्यातच संपवतं. मग दाण्यात भरणार काय? उपाय एकच, मोरचूद आणि चुन्याचं पातळ पाणी फवारायचं.

"पातळ हां, कुशाबा," तो दोनदा म्हणाला.

कुशाबाला हा सरकारी चिक्कूपणा वाटला. दसऱ्याला भिंतीवर चुन्याचे दोन हात दिल्याशिवाय घर उजळत नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं? तालुक्याचा एकुलता एक पंप गेणबाकडे गेलेला. मग कुशाबाने घायपाताचे कुंचले काढले, बायकोने, सारजाबाईने, घरासाठी आणलेला चुना उचलला, त्यात मोरचूद घालून दह्यासारखं दाट कालवलं आणि चार गडी लावून पानांना दोन हात दिले. गोठ्याजवळच्या कोपऱ्याशी आल्यावर चुना संपला.

"आता माज्या भिंतीला काय लावू?" सारजाबाईने विचारलं.

"भित्ताड काय स्पर्धेत हाय का?"

ती धुसफुसत घमेली विसळायला बसली. मोरचूद वाया कशाला घालवायचा, म्हणून ते पाणी तिने केरसुणीने त्या कोपऱ्यात शिंपडलं आणि घरात गेली.

खाचर देवळासारखं पांढरं झालं. लोक लांबून बघून जायचे, कुशाबा मिशीत हसायचा. आठ दिवसांनी पांढऱ्याखालची पानं पिवळी पडली आणि वाल्मीक धावत बांधावर आला.

"बुरशीनं चार चुली विझवल्या होत्या, कुशाबा. उरलेल्या सगळ्या तुम्ही झाकल्यात. ऊन पोचणार कुठून?"

पुढचा सल्ला विचारील तर तो कुशाबा कसला. त्याने डोंगरावरच्या वाडीतून कोंडाबाई आणि चार बाया रोजावर आणल्या आणि ओल्या फडक्यांनी पानं पुसायला लावली. जन्मभर पोरांची नाकं पुसली, भाताची पहिल्यांदाच पुसतेय, असं कोंडाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. त्या फडक्यांनी चांगल्या पानांनाही करपा वाटून दिला, ओल मिळाल्यावर तर तो सुखाने नांदायला लागला. उरलंसुरलं पायांखाली गेलं. बुरशी आणि चुना यांना जे जमलं नव्हतं, ते स्वच्छतेने करून दाखवलं.

कापणीला परीक्षक साहेब आले, त्याच दिवशी व्याहीही आले. दुसऱ्या दिवशी येतील तर ते व्याही कसले! साहेबांनी खाचर बघून, इथं आग लागली होती का, असं विचारलं. मग त्यांची नजर गोठ्याजवळच्या कोपऱ्यावर गेली. तिथं पानं हिरवीगार होती, लोंब्या ओझ्याने वाकल्या होत्या. नियमाप्रमाणे खाचरात कुठंही टाकलेल्या लाकडी चौकटीएवढंच पीक कापून जोखायचं होतं. त्यांनी तिथलं जोखलं, तर ते गेणबापेक्षा शेरभर जास्त भरलं.

"हे कुणी फवारलं?"

कुशाबाने व्याह्यांकडे बघत छाती पुढे काढली, तोंडही उघडलं.

"फवारलं न्हाई, साहेब," मागून सारजाबाई म्हणाली. "म्या तितं घमेली इसळली."

वाल्मीकने हिशेब करून पाहिला. प्रमाण पुस्तकातल्यासारखं बिनचूक होतं. बक्षिसाच्या कागदावर सारजाबाईचं नाव लागलं, व्याह्यांनी तिलाच नारळ दिला आणि पंप कुशाबाच्या खुंटीवर चढला.

दिवाळीच्या तोंडावर तिने नवा चुना आणवला आणि पंपाने घर पांढरं करा म्हणून नवऱ्याला सांगितलं. कुशाबाने पंप पाठीवर घेतला, दिवसभर राबला. संध्याकाळी ती बघायला आली, तर भिंती होत्या तशाच धुरकट.

"अवं, ह्ये काय? चुना घातला का न्हाई?"

"घातला की," कुशाबा पंप उतरवत म्हणाला. "पर पातळ. पुस्तकात हाय तसा."