पार्सलात एक श्रोता कमी

टपालाने आलेली मैफलीची कॅसेट पहिले तीन दिवस वाजवू नये, कारण आतले श्रोते प्रवासाने दमलेले असतात. आमच्या मैफल विनिमय मंडळाच्या शिष्टाचार पुस्तिकेतला हा पहिला नियम. पुस्तिका मीच लिहिली आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मंडळाचं सचिवपद वाईला माझ्या घरी आलं आणि खात्यात तीस वर्षं परिपत्रकं काढलेल्या माणसाला तेवीस नियम करायला असा कितीसा वेळ लागणार?

बाहेरच्यांना वाटतं, एक डबी पाठवायची नि एक घ्यायची. तसं नसतं. कॅसेटबरोबर सगळी बैठक जाते. म्हणून पहिल्याच पत्रात कॅसेट मागायची नसते, आधी प्रकृती विचारायची. कॅसेटला आसनपत्रक जोडायचं: श्रोते किती, कोण कुठे बसलंय, खोकला कोणाला आहे, मांडीवर चुकीचा ताल कोण धरतो, बिनसाखरेचा चहा किती. नक्कल करून पाठवणं असभ्य समजतात, कारण नकलेत माणसं अर्धवट येतात. मूळ कॅसेट पाठवायची आणि महिन्याने परत घ्यायची. आलेल्या मंडळींपुढे चहा ठेवायचा. भातुकलीच्या कपात चालतो, पण प्रत्येकाला वेगळा हवा. ते पीत नाहीत. मात्र ज्याला चहा पोचला त्याचा कप ताबडतोब निवतो, त्यावरून समजायचं.

आमच्या पोस्टातल्या सावर्डेकरबाई या कामात मुरलेल्या आहेत. संक्रांतीनंतर मी हेबळेबाईंच्या गाण्याची कॅसेट अकोल्याला पाठवायला नेली, तेव्हा त्यांनी काट्यावर पार्सल ठेवतच विचारलं,

"किती माणसं?"

"एक्केचाळीस श्रोते."

"गाणाऱ्या बाई धरून?"

"सोडून. साथीदारही सोडून."

"वर ठळक लिहा, आडवं ठेवू नये. मागे तुमच्या सांगलीच्या पार्सलात तबलजी घसरला होता. एकशे सत्तर ग्रॅम."

ती कॅसेट पाठवावी की नाही, यावर मी पंधरा दिवस घालवले होते. ती मीच वीस वर्षांपूर्वी इथल्या धर्मशाळेच्या सभागृहात भरली. दुसऱ्या रांगेत खांबाजवळ माझी अक्का बसलेली आहे. आई मी दोन वर्षांचा असताना गेली, मला वाढवलं ते अक्कानं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. फोटो घरात डझनभर आहेत, आवाज मात्र त्या कॅसेटीत तेवढाच. द्रुत यमनात हेबळेबाई एक लांबलचक तान घेतात. आता ही बाई समेवर काही येत नाही, असं वाटेपर्यंत ताणतात आणि नेमक्या येतात. तेव्हा सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात अक्का म्हणते, "अगं बाई, आली की!"

पण अकोल्याचे यादवराव खानझोडे मास्तर म्हणजे मंडळाचे सर्वांत जुने सभासद. त्यांची अमरावतीच्या तबल्याची कॅसेट मी चार वर्षं मागत होतो. ती त्यांनी पाठवली आणि बदल्यात हेबळेबाई मागितल्या. सचिवानंच नाही म्हटलं तर मंडळाची काय शोभा राहणार? पाठवली.

महिन्याने कॅसेट परत आली. सावर्डेकरबाईंनी काटा पाहिला, पुन्हा पाहिला.

"घाटपांडे, एकशे अडुसष्ट भरतंय. माणूस कमी आहे का बघून घ्या, मग सही करा."

"डिंक वाळला असेल हो," मी म्हणालो आणि सही केली. सचिव असण्याचा तोटा असा की आपण नियम लिहिलेत म्हणजे पाळलेच, असं वाटत राहतं.

तीन दिवस कॅसेट गार कपाटात उभी ठेवली. चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारी चारला बायकोनं, कुमुदनं, एक्केचाळीस कप मांडले आणि मी बटण दाबलं. तान आली. सम आली. पुढे नुसता तबला. मी मागे फिरवून पुन्हा लावलं. पुन्हा नुसता तबला.

कुमुद वाकून कप बघत होती. "चाळीस निवलेत," ती म्हणाली. "खांबाजवळचा अजून वाफाळतोय."

मी तडक अकोल्याला फोन लावला.

"मी तुम्हाले कालच पत्र टाकलं जी," खानझोडे मास्तर म्हणाले. "खांबाजवळच्या बाई आमच्याकडेच आहेत. खुशाल आहेत, काळजी नका करू."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"यवतमाळच्या सतारीत. कपाटात दोन्ही कॅसेटी शेजारीच होत्या नं. पुढच्या रांगेत बसल्या आहेत, मस्त ऐकून राहिल्या."

"मग त्यांना परत पाठवा!"

"पाहुण्याले जा कसं म्हणू, बाप्पा? एकोणिसावा नियम तुमचाच आहे. नाराज श्रोत्याले जागा बदलता येते."

"नाराज? अक्का? कशावर?"

मास्तर जरा घुटमळले. "रागावू नका बरं. सतारवाले मधात तारा जुळवून राहिले होते, तेव्हा बाई शेजारणीशी बोलल्या, ते आम्ही ऐकलं. म्हणे, अकरा वर्षं झाली त्या सभागृहात बसून, भैरवी काही कानावर पडली नाही. तान येते, मी बोलते, अन् आमचा भालू मागं फिरवतो. म्हणून इथं तान यायच्या आधीच उठल्या. म्हणे, आता हे पण फिरवतील."

मी फोन ठेवला. सतरावा नियम असा आहे: टेप मागे फिरवू नये, लोक पुढच्या चिजेची वाट पाहत बसलेले असतात, श्रोत्यांपैकी कोणी फर्माइश केल्यास एकवार फिरवण्यास मुभा आहे. हाही मीच लिहिला. आणि अकरा वर्षं दर रविवारी चार वाजता मी तो मोडत होतो. अक्काचं वाक्य ऐकायचं, मागे फिरवायचं, पुन्हा ऐकायचं. चार-पाच वेळा झालं की डोळे पुसून बटण बंद. आपण अक्काची आठवण काढतोय, अशी माझी समजूत. तिला तिथं जागच्या जागी अडकवून ठेवलंय, हे मनातसुद्धा आलं नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी बोलले होते," कुमुद कप गोळा करत म्हणाली. "मागच्या रांगेतला तो टोपीवाला बिचारा दर वेळी तिथंच खोकतो. घसा सोलवटला असेल त्याचा."

नाराज श्रोत्याला बोलावणं धाडायचं ते आवाजात, कारण कॅसेटीतल्या माणसाला पत्र वाचता येत नाही. हा विसावा नियम. मी कोरी कॅसेट घातली आणि दिलगिरी भरली. कुमुदला ऐकवली. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की' इथपर्यंत ऐकून तिनं टेप बंद केला.

"अहो, अक्का आहेत त्या. कालव्याची निविदा नव्हे."

दुसऱ्या दुपारी मुद्दे लिहून घेऊन बोललो, ते पहिल्याहून वाईट झालं. तिसऱ्या दुपारी कागद बाजूला ठेवला.

"अक्का, मी भालू. माझं चुकलं. तू गेलीस तेव्हा घर फार शांत झालं गं. मला नुसता तुझा आवाज हवा होता. तू गाणं ऐकायला बसली आहेस हे लक्षातच आलं नाही माझ्या. घरी ये. शेवटपर्यंत लावीन, शपथ."

पुढे माझा नाक ओढल्याचा आवाज होता. कुमुद म्हणाली, राहू दे.

"किती माणसं?" सावर्डेकरबाईंनी विचारलं.

"श्रोता एकही नाही. मी एकटाच बोलतोय."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "ऐंशी ग्रॅम," एवढंच म्हणाल्या, आणि पावतीवर आकडा दोनदा गिरवला.

अठरा दिवस काही कळलं नाही. मास्तरांना फोन करायला हात शिवशिवत होता, पण पाहुण्यांची घाई करणं बाराव्या नियमात बसत नाही. दोन रविवार मी टेपरेकॉर्डरवर फडकं टाकून ठेवलं. घर पुन्हा तसंच शांत झालं होतं.

एकोणिसाव्या दिवशी पोस्टातून निरोप आला. सावर्डेकरबाईंनी पार्सल काट्यावर ठेवलं.

"ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. मग पार्सल दोन्ही हातांनी उचलून खिडकीतून दिलं. "वयस्कर बाईमाणूस आहे. सावकाश न्या."

दिलगिरीची कॅसेट आणि हेबळेबाईंची कॅसेट कपाटात अगदी खेटून उभ्या ठेवल्या, दोन्ही डब्या उघड्या. तीन दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही.

रविवारी चार वाजता कप मांडले. बटण दाबलं. विलंबित झालं, द्रुत सुरू झालं. तान निघाली, लांबली, सुटलीच असं वाटलं, आणि सम.

"अगं बाई, आली की!"

खांबाजवळचा कप क्षणात निवला. माझा उजवा हात सवयीनं बटणाकडे गेला. कुमुदनं नुसतं पाहिलं. मी तो हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसलो.

टोपीवाला एकदाच खोकला आणि मोकळा झाला. यमन संपला. बाजू उलटताना सगळ्यांना मध्यंतर मिळालं. दुसऱ्या बाजूला एक झोकदार तराणा होता, मग एक भजन, मग भैरवी. अकरा वर्षं मीही ती ऐकली नव्हती. हेबळेबाई अशी गायल्या होत्या हे मी साफ विसरलो होतो. कुमुदचे डोळे भरून आले होते, माझं विचारूच नका.

टाळ्या झाल्या. खुर्च्या सरकल्या, पायताणं शोधण्याची गडबड सुरू झाली. त्या गलक्यातून अक्काचा आवाज आला.

"झाली बाई भैरवी एकदाची. भालू, आता लाव परत पहिल्यापासून. ती तान पुन्हा ऐकू दे मला."

सतराव्या नियमाप्रमाणे ही रीतसर फर्माइश होती. मी बाकीच्या चाळीस जणांना हरकत आहे का विचारलं आणि जरा वाट पाहिली. खुर्च्या परत जागेवर आल्या. कोणी खोकलंसुद्धा नाही. मी बाजू उलटली, टेप मागे फिरवली आणि कुमुद पुन्हा चहा टाकायला उठली.